पडवीवरच्या गुलाबाची छाटणी

दोन नोव्हेंबरपासून मागे पंचेचाळीस दिवस मोजले की अठरा सप्टेंबर येतो. मी कॅलेंडरवर बोट ठेवून दोनदा मोजलं आणि अठराच्या चौकटीत 'गुलाब' असं लिहिलं. वहीत यादी केली : सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला धार, शिडी, जाड हातमोजे, कापलेल्या टोकांना लावायला बोर्डो पेस्ट, शेणखत दोन पाट्या. त्या दिवशी सकाळी नऊला सुरुवात केली, साडेअकराला सगळं उरकलं, यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि हात धुऊन चहा ठेवला. आमच्या घरातल्या सगळ्यांत जुन्या झाडाचं मी काय करून ठेवलंय, हे मला पुढचे तीन आठवडे कळलं नाही.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन या गावात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. जवळच्या कट्टा गावातल्या एका शाळेत लिपिक आहे, त्यामुळे म्हणा किंवा मुळातच तशी आहे म्हणून म्हणा, मला यादीशिवाय काम सुचत नाही. माझ्या वडिलांनी क्वार्टरच्या अंगणात बावीस गुलाब लावले होते. दसरा झाला की ते सगळ्यांची गुडघ्याएवढी छाटणी करायचे आणि बरोबर पंचेचाळीस दिवसांनी अंगण भरायचं. पाहुण्यांना ते आधीच तारीख सांगून ठेवत. मी त्यांच्यामागे फांद्या गोळा करत फिरायची. गुलाब म्हणजे छाटणी अधिक पंचेचाळीस दिवस, हे माझ्या डोक्यात पाढ्यासारखं बसलेलं.

पडवीवरचा गुलाब मात्र वडिलांच्या गुलाबांसारखा नाही. तो वेलासारखा चढणारा आहे. बुंध्याशी माझ्या दंडाएवढा जाड, साल सोललेली, वर पडवीच्या कौलांच्या कडेने दोन्ही बाजूंना पसरलेला. पावसाळ्यात नुसता हिरवा असतो. पाऊस ओसरला की फुलायला लागतो आणि थंडीभर, म्हणजे आमच्याकडे जी काही थंडी पडते तेवढे दिवस, थोडाथोडा फुलत राहतो. फूल सायीच्या रंगाचं, मध्ये जर्दाळूची झाक. देठ नाजूक असल्यामुळे प्रत्येक फूल मान खाली घालतं, म्हणून पडवीत बसलेल्या माणसाला ते नीट समोरून दिसतं. वास गुलाबाचा नाहीच. चहाच्या पत्तीचा नवा डबा उघडल्यावर येतो तसला, कोरडा. हात लावला की पाकळ्या गळतात, त्यामुळे हार-वेणीला त्याचा उपयोग नाही.

हा गुलाब सासूला शेजारच्या मावशींनी दिला. मावशी ख्रिश्चन, माहेर गोव्याचं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन शेजारी-शेजारी आल्या आणि मधल्या गडग्यावरून, म्हणजे चिऱ्याच्या बुटक्या कुंपणभिंतीवरून, पन्नासहून जास्त वर्षं बोलत राहिल्या. गुलाबाचं मूळ झाड मावशींच्या विहिरीपाशी होतं. विहीर नव्याने बांधताना ते गेलं. तेव्हापासून दर दोन नोव्हेंबरला, त्यांच्यात सगळ्या मृतांची आठवण करतात त्या दिवशी, मावशी सकाळी टोपली घेऊन आमच्या पडवीत यायच्या. सासू शिडी धरायची, मावशी फुलं काढायच्या आणि नवऱ्याच्या कबरीवर नेऊन ठेवायच्या. शिडी कोणी धरायची आणि वर कोणी चढायचं यावरून दोघींचं भांडण ठरलेलं.

गेल्या जुलैत मावशी गेल्या. तो आठवडाभर पाऊस थांबलाच नव्हता. चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर ओढ्याचा साकव, छोटा पूल, पाण्याखाली होता. मावशींना नेणारी गाडी लांबच्या रस्त्याने गेली आणि तिच्यात जेमतेम घरची माणसं बसली. सासूचा गुडघा तेव्हा सुजलेला. ती पडवीच्या खांबाला धरून गाडी वळणापर्यंत बघत राहिली. आत आल्यावर एवढंच म्हणाली, "दोन तारखेक मी जातलंय. तिच्या फुलांनी तिची जागा भरून टाकतलंय."

पुढे महिनाभर ती हेच म्हणत होती. बाकी मावशींबद्दल एक शब्द नाही. मला हे मनातून काढता येईना. टोपलीभर फुलं बरोबर दोन तारखेला हवीत, आणि हे झाड तर मनाला येईल तेव्हा दोन-चार फुलं देणारं. बाकीची कामं मी तारखेनुसार करते, तर हेही करता येईल असं मला वाटलं. गणपती झाल्यावर सासू आठ दिवस मसुऱ्याला माझ्या नणंदेकडे गेली, तेव्हा मी कॅलेंडर काढलं.

ती परत आली ती दुपारच्या एसटीने. खळ्यात, म्हणजे आमच्या पुढच्या अंगणात, पिशवी हातात घेऊन थांबली. वर पडवीकडे बघितलं. कौलांची पूर्ण कड उघडी, खाली बुंध्यावर कंबरेएवढे चार खुंट, त्यांच्या टोकांना निळसर पेस्ट.

"वांदर इल्ले काय गो?"

"नाही आई. मी छाटणी केली."

"तू?"

"दोन तारखेला सगळा एकदम फुलेल. पंचेचाळीस दिवस लागतात. मी मोजलंय."

तिने पिशवी खाली ठेवली. जवळ जाऊन एका खुंटावर अंगठा फिरवला. "वांदर बरे," ती म्हणाली. "ते खातत नि जातत. पेस्ट लावक बसनत नाय."

ती रागाने बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण ती आत जाऊन पाय धुऊन जेवायला बसली, आणि मी तिला वाढताना उगीचच भांड्यांचा आवाज करत राहिले.

पहिले पंधरा दिवस माझीच बाजू खरी वाटत होती. प्रत्येक खुंटाला फुटवे आले. लाल, तुकतुकीत, बोटासारखे जाड. मी रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पट्टी घेऊन मोजायची आणि वहीत लिहायची. आठ इंच. अकरा इंच. दीड फूट. मी खत वाढवलं. पाऊस चार दिवस थांबला तेव्हा संध्याकाळी दोन बादल्या पाणीही घातलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा संपला तेव्हा फुटवे माझ्या डोक्याच्या वर गेले होते, सरळ, काठीसारखे. त्यांच्या शेंड्याला कळी यायला हवी होती. शेंड्याला पान होतं, त्याच्यावर पुढचं पान, आणि त्याच्यावर अजून एक.

माझ्या वडिलांच्या गुलाबांना या वेळी मटारएवढ्या कळ्या असायच्या. मी स्टुलावर चढून प्रत्येक शेंडा बोटांनी चाचपला. मग उतरले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा चढले. शाळेत काम करताना माझं लक्ष लागेना. एका मुलाच्या दाखल्यावर मी जन्मतारखेच्या जागी अठरा सप्टेंबर लिहिलं आणि मुख्याध्यापकांनी तो परत पाठवला. नवरा कुडाळहून कामावरून आला की मी त्याला आधी अंगणात न्यायची. त्यालाही कंटाळा आला.

"अगो, तो गुलाब आसा, एसटी न्हय. बोर्डार लिवलला म्हणान टायमार येवक."

"एसटी तरी कुठे वेळेवर येते?"

"मगे? झाडाक कित्याक छळतंस?"

शेवटी मी सासूला विचारलं. सुपारी कातरत पडवीत बसली होती. मी म्हटलं, "आई, याला कळी का येत नाही?"

तिने वर बघितलंही नाही. "जुन्या फांदयेर येता ती."

"म्हणजे?"

"जुनी लांब फांदी आसता ना, तिका बाजूक बारीक बारीक फाटे फुटतत. फूल त्या फाट्याक. जुनी फांदी तू चुलीत घातलंस."

मी खरंच घातली होती. भारा बांधून न्हाणीच्या चुलीला. चार दिवस पाणी तापलं होतं त्यावर.

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस खंय? तू तर मोजलंस."

हे ऐकून मी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. सव्वीस वर्षं मी त्या झाडाखालून गेले होते. पावसाळ्यानंतर दरवर्षी सासू त्याचं जुनं सुंभ सोडून नवं बांधताना बघितलं होतं. तिने कधी फांदी कापली नव्हती. वाळकं तेवढं मोडायची. हे मी बघितलं होतं आणि मला वाटलं होतं की हिला छाटणी येत नाही. खरं सांगायचं तर तिला ती एकदा शिकवावी असंही माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने मला हाक मारली. तिच्या हातात नारळाच्या सुंभाची गुंडी होती.

"सुटी काड आज."

"आज शाळेत तपासणी आहे."

"मगे ऱ्हवांदे."

मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. तिने मला काय करायचं ते खुर्चीत बसून सांगितलं. फुटवे सरळ वर गेलेले होते ते सगळे खाली वाकवायचे आणि बुंध्याशेजारच्या गडग्यावर आडवे निजवायचे. एकदम नाही, मोडतील. एका हाताने बुंध्याशी धरायचं, दुसऱ्या हाताने शेंडा हळूहळू खाली आणायचा, मध्येच थांबायचं, फांदीला सवय होऊ द्यायची, मग आणखी. चिऱ्यांच्या फटीत खुंट्या ठोकून सुंभाने सैल बांधायचं. सरळ फांदी नुसती वर पळते, आडवी केली की तिच्या प्रत्येक डोळ्याला वाटतं आपणच शेंडा. हे शेवटचं वाक्य मी माझ्या भाषेत सांगतेय. सासू म्हणाली होती, "उबो आसा तवसर तेका मस्ती. निजवलंस की फुटता."

थांबणं मला जमत नाही. दुसरीच फांदी मी घाईने ओढली आणि ती मुळाशी 'कट्' झाली.

"गो घाटणी!" सासू खुर्चीतून अर्धी उठली. "म्हशीक ओडतंस तशी ओडू नको!"

त्यानंतर तिने प्रत्येक फांदीला आकडे म्हणायला लावले. शंभरपर्यंत मोजायचं, मग वीतभर खाली. पुन्हा शंभर. मोजण्याची हौस आहे ना, मोज. नऊ फांद्या उरल्या होत्या. दुपारी दीडपर्यंत त्या गडग्यावर निजल्या आणि माझ्या दोन्ही कोपरांपर्यंत ओरखडे उठले होते. अर्धा गडगा आमचा, पलीकडची बाजू मावशींची. त्यांच्या बंद घराची खिडकी समोर होती. सासू तिकडे न बघता म्हणाली, "कधी फुटतत ता माका इचारू नको."

म्हणून मी विचारलं नाही. पण मोजलं. दहा ऑक्टोबर ते दोन नोव्हेंबर, तेवीस दिवस. कुठल्याही गुलाबाला तेवढ्यात फूल येत नाही हे मलाही माहीत होतं. तरी मी रोज सकाळी वाकून डोळे बघायची. सहाव्या दिवशी ते फुगले. अकराव्या दिवशी फुटले. पंचवीस तारखेला बोटभर फाटे होते, कळीचं नाव नाही.

मी दुसरे मार्ग काढायला लागले. बांद्याला एक रोपवाटिका आहे, तिथे बसने जाऊन आले. चढणारे गुलाब होते, लालभडक आणि पिवळे, कलमी. आमच्या फुलाचा जुना फोटो दाखवला तर तिथल्या माणसाने मान हलवली. मालवणच्या फुलवाल्याला फोन करून सायीच्या रंगाचे गुलाब मागवता येतील का विचारलं. येतील म्हणाला, लांब दांड्याचे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. मी घरी येऊन सांगितलं.

सासू म्हणाली, "ता फूल तिच्या ओळखीचा नाय."

"आई, पण रंग तोच आहे."

"तुज्या आवशीच्या रंगाची बायल आणून बसवली तर चलात तुका?"

माझ्या आईच्या जागी दुसरी बाई मला चालली नसती. मी फुलवाल्याला नको म्हणून कळवलं. एक तारखेच्या संध्याकाळी तिने स्वतःच सांगून टाकलं, "मी येवचंय नाय उद्या. रिकाम्या हातान तिच्याकडे जावचंय नाय. तू जा."

दोन तारखेला मी एकटी गेले. मावशींची मुलगी म्हापशाहून आली होती. तिथे ती शिक्षिका आहे. चर्चमागच्या दफनभूमीत माणसांची गर्दी होती. सगळे कबरी धूत होते, मेणबत्त्या लावत होते, झेंडूच्या आणि शेवंतीच्या राशी पडल्या होत्या. मावशींची जागा अजून मातीचीच, वर लाकडी क्रूस. वर्ष झाल्यावर दगड बसवणार. मी पावसात उगवलेलं गवत काढायला मदत केली आणि हात चालू असतानाच सगळं सांगून टाकलं. छाटणी, पंचेचाळीस दिवस, न्हाणीची चूल, सगळं.

तिने हातातली गवताची मूठ खाली टाकली. मग इतकी हसली की शेजारच्या कबरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"माय ऐकत असेल तर म्हणत असेल, बरी शिक्षा झाली तुझ्या सासूला. मला शिडीवर चढायला दरवर्षी भांडावं लागायचं!" मग डोळे पुसून म्हणाली, "आंटीला सांगा, नोव्हेंबर पुरो म्हयनो तांचोच. आमच्यात अख्खा महिना मेलेल्यांचा असतो. तीस तारखेपर्यंत कधीही या, उशीर होत नाही."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासू तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "पुरो म्हयनो?"

"पूर्ण महिना."

"माका कधी सांगूक नाय तिणा. दरवर्षी दोन तारखेक सकाळी सातच्या ठोक्याक हजर!" आणि ती पहिल्यांदाच मैत्रिणीवर रागावली, तासभर तरी.

त्यानंतरचे दिवस मला आधीच्या दिवसांपेक्षा जड गेले. आधी निदान निराशा होती. आता तीस तारीख होती. पाच नोव्हेंबरला एका फाट्याच्या टोकाला दाणा दिसला. मी नवऱ्याला चष्मा लावून बघायला लावलं. तो म्हणाला पान आहे, मी म्हटलं कळी आहे, सासूने लांबून बघून सांगितलं, "कळी." आठवड्याने चौदा कळ्या झाल्या. मग धुकं पडायला लागलं आणि पानांवर काळे ठिपके आले. मी ठिपक्यांची पानं एकेक करून काढली. मग वानर आले. शनिवारी दुपारी मी भाकरी थापत होते, तेवढ्यात गडग्यावर धप्प आवाज झाला. मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले, तर एक मादी पोटाला पिल्लू धरून शांतपणे कळी सोलत होती. चवळीची शेंग खावी तशी. मी ओरडले, पाट भिरकावला. ती गेली, पण पाच कळ्या घेऊन गेली.

नऊ उरल्या. त्यानंतर मी त्यांच्यावर मासेमारीचं जुनं जाळं टाकलं. शाळेतून दुपारच्या सुट्टीत फोन करायची. सासू उचलायची आणि मी बोलण्याआधीच सांगायची, "नव आसत." एकदा म्हणाली, "आट." मी रजेच्या अर्जाचा कागद पुढे ओढला. "एक मीच मोडलंय, वास घेवक." मग थोड्या वेळाने, "नाय गो. नव आसत. गंमत केलंय."

सत्तावीस तारखेला सकाळी सहा फुलं उमलली होती, एक अर्धवट, दोन कळ्या अजून मिटलेल्या. मी म्हटलं उद्या जाऊ, सगळी उमलतील. सासूने साडी बदलायला घेतली होती. "उद्या ही पडतली. आजच."

शाळेला कळवलं, रिक्षा बोलावली. देठ छोटे ठेवून मी ती नऊच्या नऊ काढली आणि टोपलीत केळीच्या खोडाच्या ओल्या सोपावर ठेवली. सासूने टोपली मांडीवर घेतली. साकवावर रिक्षाला धक्के बसले, तेव्हा तिने टोपलीवर दोन्ही हातांचं छप्पर केलं. तरी पोचेपर्यंत दोन फुलांच्या पाकळ्या झडल्या होत्या.

दफनभूमीत कोणी नव्हतं. दोन तारखेच्या मेणबत्त्यांचं मेण मातीत मुरलं होतं, झेंडू काळे पडले होते. सासू काठी टेकत रांगेतून चालली, मी पुढे होऊन जागा दाखवली. मातीचा तो उंचवटा बघून ती थांबली. मला वाटलं होतं, इतकी लहान जागा बघून ती रडेल. ती म्हणाली, "हय ऊन येता काय बगलास तुमी? दुपारी तिका ऊन खपाक नाय."

"संध्याकाळी सावली येते. त्या आंब्याची."

"बरा."

तिने टोपली माझ्याकडे दिली. "ठेय."

"तुम्ही ठेवा ना आई."

"तूच कापलंस, तूच फुलवलंस. ठेय."

मी वाकून फुलं ठेवली. ओळीने, डोक्याकडून पायाकडे, सारख्या अंतरावर. सासूने टोपलीत उरलेल्या पाकळ्या मुठीत घेतल्या आणि वरून सोडल्या. त्या कुठेही पडल्या. मग ती शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसली आणि बोलायला लागली. पाऊस किती दिवस लांबला. मसुऱ्याच्या नातीचं लग्न ठरलं. गुडघ्याला कोणी कुठलं तेल दिलं आणि त्याचा कसा काही उपयोग झाला नाही. नोव्हेंबर पूर्ण महिना चालतो हे इतकी वर्षं लपवून ठेवल्याबद्दल दोन शब्द. मध्येमध्ये ती थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी, आणि पुढे जायची.

मी एकदा जाऊन रिक्षावाल्याला थांबायला सांगून आले. परत आले तरी तिचं बोलणं चालूच. मी घड्याळ बघितलं. अकरापर्यंत पोचले तर शाळेत अर्धा दिवस लागला असता. मी दुसऱ्यांदा रिक्षाकडे निघाले.

"बस गो वायच," सासू म्हणाली. "तुज्याबद्दलच सांगतंय तिका."

मी तिच्या शेजारी बसले. काय सांगितलं ते विचारायचं होतं, पण तिचं लक्ष नव्हतं. माझे हात गप्प बसेनात. पायाशी, मातीच्या कडेला, त्या दिवशी काढलेलं गवत पुन्हा उगवून आलं होतं, कोवळं, बोटभर. मी खाली वाकले आणि ते उपटायला लागले.

"ऱ्हवांदे ता," सासू म्हणाली. "तिका हिरवा बरा दिसता."